रकाने कोण आखतो?

जबलपूरच्या वायव्येला तीस-बत्तीस किलोमीटरवर पाटन हे तहसिलीचे ठिकाण आहे. नर्मदेच्या खोऱ्यातली ही काळी, भारी जमीन. जुन्या गॅझेटियरांत या मुलखाला जबलपूरची ‘हवेली’ म्हटले आहे आणि इथल्या शेतीच्या रीतीलाही तेच नाव चिकटले आहे. शेताला चहूबाजूंनी मातीचे बांध घालायचे, पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवायचे, आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून देऊन ओल असतानाच गहू नाहीतर हरभरा पेरायचा, अशी ही रीत. तण पाण्याखाली कुजून जाते, ओल खोलवर मुरते. म्हणजे ऑगस्टमध्ये जे तळे असते तेच नोव्हेंबरमध्ये शेत असते. शिवाय वरच्या शेताचे पाणी खालच्या शेतातून जाणार. तेव्हा ते कधी सोडायचे, हा एकट्याच्या मर्जीचा प्रश्न राहत नाही.

हे शेत तक्त्यात कसे लिहायचे? एका ओळीत नंबर, क्षेत्र, मालकाचे नाव, सारा, पीक इतके बसते. पण जमीन आणि पाणी ही ऋतूनुसार होणारी अदलाबदल, आणि दोन शेजाऱ्यांमधला पाणी सोडण्याचा करार, यांना कोणता रकाना द्यायचा? प्रश्न जुना आहे. आज तो वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्या प्रत्येक प्रोग्रामरसमोर रोज येतो. फक्त तिथे तो इतक्या झटपट सुटतो की प्रश्न होता हेच कुणाच्या ध्यानात राहत नाही. या झटपटपणाचा इतिहास पाहायचा तर सुरुवात संगणकाच्या पुष्कळ आधी, दफ्तरापासून करावी लागते.

पाटनचा मराठी दफ्तराशी संबंध आला तो अठराव्या शतकाच्या शेवटी. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य संपले आणि हा मुलूख पेशव्यांच्या सागरच्या सुभ्याकडे गेला. १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांना मिळाला आणि डिसेंबर १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. मराठी अंमल जेमतेम छत्तीस वर्षांचा. पण त्या अंमलाला कागदाची सवय होती. जमाबंदी, ताळेबंद, झाडा, कुळझाडा ही त्या दफ्तरातली नावे म्हणजे माहिती मांडण्याचे ठरलेले साचे होते. कोणती बाब आधी, कोणती नंतर, वजावट कुठे दाखवायची, एकूण कुठे काढायची, हे फडावरचा कारकून उमेदवारीत शिकत असे. हेमाद्रीच्या नावावर चालत आलेली ‘मेस्तके’ म्हणजे अशा कारकुनी कामाचे नियमच. साचा एकदा हातात बसला की कारकुनाने गावोगावचा हिशेब तसाच लिहायचा आणि वरच्या फडणिसाने तो न अडखळता वाचायचा, ही त्यातली सोय.

१८६१ मध्ये मध्य प्रांत झाला तेव्हा जबलपूर आणि नागपूर एका प्रांतात आले. पुढे १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत, म्हणजे पंचाण्णव वर्षे, पाटनचा शेतकरी आणि भंडाऱ्याचा शेतकरी एकाच सरकारचा सारा भरत होते. विदर्भात आजही लोक तलाठ्याला सर्रास ‘पटवारी’ म्हणतात आणि गोंदिया-भंडाऱ्यातल्या जुन्या तळ्यांना सरकारी कागदात ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात, ते या सहवासामुळेच. १८६० च्या दशकात या प्रांतात तीस वर्षांचा बंदोबस्त झाला, मालगुजारांना मालकी मिळाली, आणि गावाचे कागद पक्के झाले. खसरा म्हणजे शेतवार नोंद. खतौनी म्हणजे खातेदारवार नोंद. बरोबर गावाचा नकाशा. पुढच्या बंदोबस्तांत मातीची प्रत आणि शेताची ठेवण पाहून प्रत्येक वर्गाला आकडा दिला गेला. बांध घातलेले शेत वेगळ्या वर्गात मोजले जाई. म्हणजे हवेलीच्या बांधाला रकाना मिळाला.

पाण्याच्या शेजाराला मात्र रकाना नव्हता. जे एका शेताचे आहे ते ओळीत बसते. जे दोन शेतांच्या मधले आहे ते बसत नाही. त्यासाठी दफ्तराने वेगळा कागद ठेवला होता : वाजिब-उल-अर्ज. त्यात गावाचा रिवाज वाक्यांत लिहायचा. १९५९ च्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतही तो टिकून आहे. पाणी देण्याघेण्याचे हक्क, वहिवाटीची वाट, मासेमारीचा हक्क अशा रूढींची नोंद त्यात करायची असे कलम २४२ सांगते. चराई, सरपण अशा गोष्टींसाठी निस्तार पत्रक आहे. तक्ता करणाऱ्यांना तक्त्याची मर्यादा ठाऊक होती आणि त्यांनी तक्त्याशेजारी गद्याला जागा ठेवली होती, एवढे इथे लक्षात ठेवायचे.

मुंबई इलाख्यात गोष्ट जरा वेगळी घडली. तिथे मालगुजार नव्हता, रयतवारी होती. १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पाहणीची जी रीत बसवली, तिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात बांधले गेले. जमिनीची खोली आणि प्रत पाहून नऊ वर्ग, दोष असेल तर वर्ग खाली, आणि मग आण्यांत किंमत. नियम असे घालून दिले की साधा पाहणी कारकूनही शेतात उभा राहून वर्ग ठरवू शकेल. त्यापुढे गावचे हिशेब ठरलेल्या नमुन्यांत आले. गाव नमुना एक ते एकवीस. सहा हा फेरफाराचा, सात हा अधिकार अभिलेखाचा, आठ-अ हा खात्याचा, बारा हा पिकांचा. सात आणि बारा एका कागदावर आले आणि मराठीला ‘सातबारा’ हा शब्द मिळाला. आकड्यांची बेरीज नसून दोन फॉर्मची नावे आहेत, हे विसरले जाण्याइतका तो शब्द रुळला.

या नमुन्यांत आणखी एक गोष्ट होती. ते एकमेकांना बांधलेले होते. फेरफाराची नोंद सहात झाल्याशिवाय सातवरचे नाव बदलत नाही. सातवरच्या शेतांची खातेदारवार जुळणी केली की आठ-अ तयार होतो. तलाठी हे हाताने करी, पण मनाने करत नसे, नियमाने करी. एक नमुना भरला की दुसरा त्यातून निघालाच पाहिजे, ही कल्पना पुढे संगणकाने उचलली.

१९७० मध्ये आयबीएमच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेतल्या एडगर कॉड यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. माहितीचे प्रचंड साठे यंत्रात कसे ठेवले आहेत हे वापरणाऱ्याला कळायची गरज नसावी. त्याला दिसावेत ते फक्त तक्ते, आणि तक्त्यांचे परस्परांशी नाते, असे त्यांचे म्हणणे. यालाच रिलेशनल डेटाबेस म्हणतात. या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा, जिचे पुढे एसक्यूएल हे नाव झाले, १९७४ च्या सुमारास आयबीएममध्येच तयार झाली. सातबाऱ्याच्या गावात वाढलेल्या माणसाला कॉडची कल्पना परकी वाटणार नाही. खात्याचा नंबर दोन नमुन्यांना जोडतो, हे त्याने पाहिलेले असते.

भारतात जमिनीचे कागद संगणकावर नेण्याची केंद्राची योजना १९८८-८९ मध्ये आठ जिल्ह्यांत प्रयोग म्हणून सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातला वर्धा होता आणि मध्य प्रदेशातला मुरैना. एकेकाळी पाटनशी एका प्रांतात असलेला वर्धा आता वेगळ्या राज्याच्या नावाने त्याच कामात आघाडीवर होता. पुढे २००८ मध्ये या कामाला राष्ट्रीय कार्यक्रमाचे रूप आले. त्या सुरुवातीच्या काळात असली व्यवस्था उभारायची तर प्रत्येक तक्ता, तो भरण्याचा प्रत्येक पडदा, चुकीची नोंद अडवणारी प्रत्येक अट प्रोग्रामरला हाताने लिहावी लागे. तेच काम दर तक्त्याला पुन्हा. दहा तक्ते म्हणजे दहा वेळा ‘नवीन नोंद’, दहा वेळा ‘दुरुस्ती’, दहा वेळा ‘यादी’. फ्रेमवर्क जन्माला आले ते या कंटाळ्यातून.

फ्रेमवर्क म्हणजे वेबवरची व्यवस्था उभारण्याचा तयार सांगाडा. २००२ मध्ये मार्टिन फाउलर यांच्या पुस्तकात ‘अ‍ॅक्टिव्ह रेकॉर्ड’ या नावाने एक रचना वर्णिली गेली : तक्त्यातली एक ओळ म्हणजे प्रोग्राममधली एक वस्तू, आणि स्वतःला जपून ठेवण्याची अक्कल त्या वस्तूतच. जुलै २००४ मध्ये डेव्हिड हाइनेमायर हॅन्सन यांनी ‘रूबी ऑन रेल्स’ खुले केले. त्यांनी ते बेसकॅम्प या कामाच्या सॉफ्टवेअरमधून बाजूला काढले होते. पुढच्या वर्षी त्यांनी पंधरा मिनिटांत एक ब्लॉग उभा करून दाखवला आणि प्रोग्रामरांचे डोळे विस्फारले. दुसरे फ्रेमवर्क वर्तमानपत्राच्या कचेरीत जन्मले. अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ नावाचे दैनिक होते. एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथे काम करत. बातमीला वेळेचे बंधन असते. निवडणूक आज आहे तर निकालांचे पान आजच हवे. २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या सोयीसाठी जे बांधायला घेतले ते जुलै २००५ मध्ये ‘जँगो’ या नावाने खुले झाले. नाव जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे.

जँगोची किमया समजून घ्यायला प्रोग्रामर असण्याची गरज नाही. समजा आपण एवढेच लिहिले : ‘खातेदार’ नावाची एक गोष्ट आहे, तिला नाव आहे. ‘शेत’ नावाची दुसरी गोष्ट आहे. तिला नंबर आहे, क्षेत्र आहे, आणि ती एका खातेदाराची आहे. जेमतेम आठ ओळी. याला मॉडेल म्हणतात. या आठ ओळींवरून फ्रेमवर्क डेटाबेसात दोन तक्ते आखते, त्यांचे नाते बांधते आणि क्षेत्राच्या रकान्यात अक्षरे भरू देत नाही. दोन-चार ओळींची जोड दिली की नोंद भरण्याचा, शोधण्याचा, दुरुस्तीचा पडदाही तयार होतो. मूळ वर्णन बदलले की तक्ता कसा बदलायचा याचा आराखडाही तेच लिहून देते. रेल्समध्ये क्रम थोडा उलटा आहे. तिथे मॉडेल जवळजवळ कोरे असते आणि रकाने कोणते हे फ्रेमवर्क तक्त्याकडूनच विचारून घेते. एकात वर्णन हे मूळ आणि तक्ता ही नक्कल. दुसऱ्यात तक्ता मूळ. पण दोहोंचा निष्कर्ष एकच. कारकुनाची मेहनत संपली. उरला तो फक्त निर्णय.

हा निर्णय कोरा नसतो, भाषा त्यात आधीच शिरलेली असते. रेल्समध्ये वस्तूचे नाव एकवचनी आणि तक्त्याचे नाव अनेकवचनी असावे असा संकेत आहे, आणि ते अनेकवचन फ्रेमवर्क स्वतः करते. त्यासाठी त्यात इंग्रजी व्याकरणाची छोटी नियमावली बसवली आहे. ‘पर्सन’चे ‘पीपल’ होते, ‘चाइल्ड’चे ‘चिल्ड्रन’. ‘राइस’ आणि ‘शीप’ यांचे अनेकवचन होत नाही, हेही त्याला माहीत आहे. पण शेत-शेते, नदी-नद्या, माणूस-माणसे हे त्याला आपोआप येत नाही. जँगो तर सरळ शेवटी इंग्रजी ‘स’ जोडतो. एक ओळ जास्त लिहून दुरुस्ती केली नाही तर शेतांच्या यादीवर ‘शेत्स’ असा मथळा येतो. हे हसण्यावारी नेता येईल. पण जँगोबरोबर तयार मिळणाऱ्या वापरकर्त्याच्या मॉडेलमध्ये नावाचे दोन रकाने असतात, पहिले नाव आणि शेवटचे नाव, ते तितके हसण्यावारी जात नाही. मराठी माणसाचे नाव तीन भागांचे. मधला भाग वडिलांचा नाहीतर नवऱ्याचा. तो कुठे घालायचा? कुणी पहिल्यात घुसवतो, कुणी दुसऱ्यात, कुणी गाळतो. मग एकाच माणसाच्या दोन कार्यालयांतल्या नोंदी जुळत नाहीत, आणि प्रतिज्ञापत्र करून आणण्याची पाळी त्या माणसावर येते.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर. मालक-तक्त्यातली ओळ काढून टाकली तर तिच्यावर अवलंबून असलेल्या ओळींचे काय करायचे? डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीपर्यंत जँगोचे न विचारता दिलेले उत्तर होते : त्याही काढून टाका. २.० पासून हे उत्तर प्रोग्रामरला स्वतः लिहावे लागते. बदल छोटा, पण त्यातली समज मोठी आहे. काही गोष्टी यंत्राने आपोआप ठरवू नयेत, माणसाला थांबवून विचारावे. आपल्या दफ्तराला ही समज आधीपासून होती. सातबाऱ्यावर खातेदार मेला किंवा जमीन विकली तर जुने नाव पुसत नाहीत. त्याला कंस करतात आणि नवीन नावाजवळ फेरफाराचा नंबर वर्तुळात लिहितात. नाव गेले, पण कसे गेले ते वाचता येते. माणूस मेला म्हणून शेत मरत नाही.

अर्थात जुन्या दफ्तराची आरती ओवाळण्याचे कारण नाही. त्याचेही रकाने कुणीतरी आखले होते, आणि त्यात कोण बसणार नाही हेही तिथेच ठरले होते. बाप वारला की अनेक सातबाऱ्यांवर थोरल्या भावाचे नाव लागे आणि पुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरे येत : एकत्र कुटुंब मॅनेजर. एका नावात सगळे भाऊ सामावले, असा त्याचा अर्थ. एका शेताला अनेक धनी असू शकतात ही गोष्ट डेटाबेसवाल्याला पहिल्या धड्यात शिकवतात. तलाठ्याने ती तीन अक्षरांत उरकली आणि धाकट्यांच्या मुलांनी तिची किंमत कोर्टात मोजली. बहिणींची नावे पुष्कळदा ‘इतर हक्क’ या रकान्यात गेली. बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा आणि सख्खी बहीण एकाच चौकटीत. नव्वदीच्या सुरुवातीला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली आणि नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करून द्यायला सांगितले. त्यासाठी रकाना बदलायची गरज नव्हती, ओळीतले नाव बदलायचे होते. तरी केवढी खटपट करावी लागली.

रकाना बदलला तेव्हाचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. महाराष्ट्र सरकारने मार्च २०२४ मध्ये ठरवले की १ मे २०१४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचेही नाव लिहायचे : स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. १ मे २०२४ पासून ते लागू झाले. प्रोग्रामरच्या भाषेत ही एका रकान्याची भर. फ्रेमवर्कमध्ये एक ओळ लिहायची, एक आज्ञा द्यायची, काम काही मिनिटांचे. समाजात मात्र त्या एका रकान्याला फार वर्षे लागली. आणि फ्रेमवर्कने तो रकाना आपण होऊन कधीच सुचवला नसता.

इथे वेगाचा मुद्दा येतो. बंदोबस्ताचा अधिकारी जिल्ह्यात वर्षे घालवत असे. त्याचा पूर्वग्रह असे, सरकारचा स्वार्थ असे, पण साचा कागदावर उतरण्याआधी त्याला पाटनच्या बांधावरून चालावे लागे. हाताने तक्ते करणाऱ्या प्रोग्रामरलाही दहाव्या पडद्यापर्यंत पोचताना शंका येई की हा रकाना नक्की कशाला. आता आठ ओळी लिहिल्या की संध्याकाळी व्यवस्था चालू. लॉरेन्सच्या कचेरीत त्याची गरज होती आणि त्याने लोकांचे भलेच झाले. लहान संस्था, ग्रंथालये, बी-बियाण्याची दुकाने, साथीच्या काळात मदतीच्या याद्या करणारे कार्यकर्ते, यांना हे तंत्र नसते तर व्यवस्था परवडली नसती. दोष वेगाचा नाही. पण विचार करायला जो वेळ मेहनतीमुळे आपोआप मिळत होता, तो आता मुद्दाम काढावा लागतो.

मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये ‘सायबर तहसील’ सुरू केली. २०२४ मध्ये ती राज्यभर झाली, म्हणजे पाटनमध्येही. खरेदीखत नोंदले की अर्ज न करता, तहसिलीत हेलपाटे न घालता नामांतरण सुरू होते. शेतकऱ्याचे केवढे खेटे वाचतात. ही सोय सुरू झाली ती मात्र अशा प्रकरणांसाठी, ज्यांत खसऱ्याचा पूर्ण नंबर विकला गेला आहे आणि वाद नाही. जे साच्यात नीट बसते ते आधी पुढे जाते. नंबराचा तुकडा, भावांचा हिस्सा, पाण्याचा शेजार ही प्रकरणे माणसासमोर बसून राहतात. त्यात गैर काही नाही, माणसासमोरच ती सुटायला हवीत. फक्त एवढे व्हायला नको की जे आपोआप होते तेच खरे काम, आणि जे होत नाही ती कटकट. आज लोक ज्यांच्या नकला काढतात ते खसरा, खतौनी आणि नकाशा. वाजिब-उल-अर्ज मागायला कोण जातो?

महाराष्ट्रात २०१७ मध्ये, संगणकावरचे सातबारे पक्के करण्याआधी, चावडीवाचनाची मोहीम झाली. गावाला बोलवायचे, ज्याची त्याची नोंद मोठ्याने वाचायची, चूक असेल तर तिथेच सांगायची. माहिती ज्याची आहे त्यालाच ती वाचून दाखवणे ही फार चांगली रीत आहे आणि कोणत्याही फ्रेमवर्कमध्ये ती तयार मिळत नाही. पण चावडीवर वाचल्या गेल्या त्या ओळी. नाव चुकले, क्षेत्र चुकले, गट नंबर चुकला, हे लोकांना सांगता आले. रकाने कुणी वाचून दाखवले नाहीत. हा रकाना का आहे, तो का नाही, ‘इतर’मध्ये कोणाला टाकले आहे, हे विचारायची पाळी आलीच नाही. नवी व्यवस्था बांधताना, मग ती तहसिलीची असो की एखाद्या वाचनालयाची, आठ ओळींचे ते मॉडेल साध्या मराठीत लिहून, ज्यांची नावे त्यात जाणार त्यांच्यासमोर एकदा वाचायला फार तर अर्धा तास लागेल. बाकीचे सगळे यंत्र करून देते. तेवढा अर्धा तास मात्र आपल्यालाच काढावा लागेल.